कोलियसच्या रोपांना नत्र किती द्यावे?

आपल्या इंदूरकडे पावसाळा लागला की घरोघरी कोलियसचे बी पेरले जाते. फुलासाठी नव्हे, पानांच्या रंगासाठी. आणि रोपे बोटभर झाली रे झाली की कुणीतरी सुचवतेच, "चिमूटभर युरिया टाका, भराभर वाढतील." बहुतेक रोपे इथेच दगावतात.

युरियात ४६ टक्के नत्र असते. चहाचा सपाट चमचा, म्हणजे अंदाजे ४ ग्रॅम, एक लिटर पाण्यात विरघळवला तर त्यात १८०० मिलिग्रॅमच्या वर नत्र उतरते. कोवळ्या रोपाला लिटरमागे ५० ते १०० मिलिग्रॅम पुरे. क्षार वाढले की मुळे पाणी ओढू शकत नाहीत; कुंडीत ओल असूनही पाने माना टाकतात, कडा तपकिरी होतात. मग आपण आणखी पाणी घालतो, ते वेगळेच.

बी रुजल्यावर लगेच खत नको. बीजपत्रांनंतर खरी पानांची जोडी आली की १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम, म्हणजे १० लिटरला ५ ग्रॅम, आठवड्यातून एकदा द्यावे. त्यातून लिटरमागे ९५ मिलिग्रॅम नत्र मिळते. माती आधी ओली असावी. शक्य असेल तर स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा वापरा. चमच्यावर फार विसंबू नये.

थंडीत मात्र हात आखडता घ्यावा. युरियातील नत्राचे आधी अमोनियम आणि मग जिवाणूंमुळे नायट्रेट होते. गारठ्यात हे दुसरे काम मंदावते आणि साचलेले अमोनियम मुळांना बाधते. त्या दिवसांत कॅल्शियम नायट्रेट बरे, पण ते वेगळ्या पाण्यात. फॉस्फेटयुक्त खताच्या तीव्र द्रावणात मिसळल्यास साका बसतो.

उपाशी रोप ओळखायचे तर खालची पाने पाहा. नत्र कमी पडले की झाड ते जुन्या पानांतून काढून शेंड्याला पुरवते, म्हणून पिवळेपणा खालून चढतो. शेंड्याची पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर ती बहुधा लोहाची उणीव. तिथे नत्र ओतून उपयोग नाही. न कुजलेला लाकडाचा भुसा मिसळलेल्या कुंडीतही रोपे फिकी पडतात, कारण भुसा कुजवणारे जिवाणूच नत्र खाऊन टाकतात.

आणि अति नत्राने कोलियस वाढतो खरा, पण लांबट, लुसलुशीत आणि हिरवा. ज्या तांबड्या-जांभळ्या रंगासाठी तो लावला, तोच फिका पडतो.