ताकीद आणि तारुण्य

पौगंडावस्थेतील मुलांना आरोग्याचे ज्ञान नसते म्हणूनच ती चिप्सच्या पुडीकडे व गोड पेयांकडे वळतात, असा जो समज शिक्षकांत व पालकांत दृढमूल झालेला आहे, तो कसोटीला उतरत नाही. कारण शीतपेय का पिऊ नये असे चौदा वर्षांच्या मुलाला विचारले, तर दात, वजन आणि मधुमेह ही तिन्ही कारणे तो घडाघडा सांगतो आणि मधल्या सुटीत मित्रांबरोबर तेच पेय घेतो. चाळीस वर्षांनंतरच्या व्याधीचे भय त्याच्या मनाला शिवत नाही. त्याला बोचतो तो वडीलधाऱ्यांच्या ताकिदीचा सूर, आणि जपावीशी वाटते ती बरोबरीच्यांतील पत. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या २००५ सालच्या प्रयोगात, मोटार हाकण्याचा संगणकीय खेळ खेळताना सोबती जवळ असले की १३ ते १६ वर्षांच्या मुलांचे धाडस ठळकपणे वाढे. प्रौढांच्या खेळात तसा फरक पडत नसे.

या स्वभावाशी झुंज न घेता त्यालाच हाताशी धरण्याची तजवीज ख्रिस्तोफर ब्रायन, डेव्हिड येगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी टेक्सासमध्ये आठवीच्या ५३६ विद्यार्थ्यांवर करून पाहिली आणि २०१६ साली तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. काही मुलांना नेहमीचा आहारपाठ वाचावयास दिला. काहींच्या हाती मात्र असा लेख ठेवला, की ज्यात खाद्यकंपन्या जिभेला चटक लागावी अशा बेताने पदार्थ कसे घडवितात आणि अजाण बालकांना जाहिरातींनी कसे गाठतात, याचा पंचनामा होता. दुसऱ्या दिवशी, त्या वाचनाशी संबंध न दाखविता, खाऊ निवडण्याची मुभा दिली, तेव्हा पंचनामा वाचलेल्यांपैकी अधिक मुलांनी गोड खाऊ व पेये सोडून फळे, गाजरे, पाणी असे पर्याय घेतले. ज्या कृतीत एरवी आईची आज्ञा दिसे, तिच्यात त्यांना आता स्वतःची स्वतंत्र वृत्ती व न्यायबुद्धी दिसू लागली होती.

२०१९ सालच्या पुढील प्रयोगात, जाहिरातींच्या चित्रांवर रेघोट्या मारून त्यांतील खोटेपणा उघड करण्याची जोड दिली असता, मुलग्यांची उपाहारगृहातील अपायकारक खाऊ-पेयांची खरेदी तीन महिन्यांत तुलनेच्या गटापेक्षा ३१ टक्क्यांनी कमी भरली. मुलींच्या बाबतीत चित्र इतके स्पष्ट नव्हते, आणि ही गोष्ट झाकणे शास्त्राला शोभणार नाही.

आपल्याकडे २०२० च्या नियमावलीने शाळेच्या फाटकापासून ५० मीटरांच्या आत मेद, मीठ व साखर यांचे प्रमाण अधिक असलेल्या पदार्थांच्या विक्रीस मनाई केली आहे. ती हवीच; परंतु एवढी हद्द ओलांडण्यास मुलाला कितीसा वेळ लागणार? म्हणून शिक्षकांना माझी आग्रहाची विनंती आहे, की पोषणद्रव्यांचा तक्ता फळ्यावर लिहिण्याआधी एक रिकामी पुडी वर्गात आणावी, तिच्या पाठीवरील बारीक अक्षरांतील मजकूर मुलांकडूनच मोठ्याने वाचून घ्यावा आणि पुढच्या बाजूवरील बढाईशी तो ताडून पाहण्याचे काम त्यांच्यावरच सोपवावे.