खंदकांच्या नकाशावरील एक अक्षर

फ्रान्समधील नव्ह शापेल या गावी पहिल्या महायुद्धातील भारतीय सैनिकांचे स्मारक आहे. १९२७ साली त्याचे अनावरण झाले. त्याच्या भिंतीवर ४,७०० हून अधिक नावे कोरलेली आहेत आणि त्यांपैकी कोणाचीही समाधी ज्ञात नाही. नाव उरले, स्थळ हरपले, अशी ही स्थिती. मात्र त्या युद्धाची कागदपत्रे स्थळाविषयी सर्वस्वी मुकी नाहीत. पलटणींच्या रोजनिशांत आणि मृतदेह हलविल्याच्या नोंदवह्यांत जागोजाग ‘एच २५ सी ६·८’ अशा प्रकारचे संकेत आढळतात. प्रथमदर्शनी ते दुर्बोध वाटतात. परंतु शाळेत आलेखाचा कागद हाताळलेल्या कोणासही ते अल्प प्रयत्नाने वाचता येतील.

ही पद्धत का निर्माण झाली, ते आधी पाहू. १९१४ साली युद्धाच्या प्रारंभी सैन्ये चालती होती. ‘चौरस्त्यालगतचे शेतघर’ किंवा ‘गिरणीच्या उत्तरेची झाडी’ एवढे वर्णन तेव्हा पुरेसे होई. वर्षअखेरीस मात्र दोन्ही बाजू खंदकांत स्थिरावल्या. तोफखान्याला नजरेआडच्या लक्ष्यावर मारा करावा लागू लागला आणि तोफांच्या भडिमाराने शेतघरे व झाडी नाहीशी होऊ लागली. खुणेची वस्तूच उरली नाही, तर तिच्या आधाराने स्थळ सांगणार कसे? म्हणून ब्रिटिश सैन्याने बेल्जियमचे १ : ४०,००० प्रमाणाचे नकाशे आधारास घेतले, त्यांच्या पत्रकांचे क्रमांक पुढे फ्रान्सच्या उत्तर भागापर्यंत वाढवले आणि प्रत्येक पत्रकावर चौकटींचे जाळे छापले.

या जाळ्याची रचना चार पायऱ्यांची आहे. पहिल्या पायरीवर संपूर्ण पत्रकाचे चोवीस मोठे विभाग पडतात. ते चार ओळींत, प्रत्येकी सहा असे मांडलेले असून त्यांना ‘ए’ पासून ‘एक्स’ पर्यंत मोठ्या लिपीतील इंग्रजी अक्षरे दिलेली आहेत. दुसऱ्या पायरीवर प्रत्येक विभागाचे हजार यार्ड बाजूचे चौरस होतात. मधल्या दोन ओळींतील विभागांत असे ३६ चौरस असतात, तर वरच्या व खालच्या ओळींतील विभागांत ३०. चौरसांचे क्रमांक डावीकडून उजवीकडे, सहासहाच्या रांगांनी, वरून खाली येतात. तिसऱ्या पायरीवर प्रत्येक चौरसाचे चार समान भाग होतात आणि त्यांना लहान लिपीतील अक्षरे मिळतात: वर डावीकडे ‘ए’, उजवीकडे ‘बी’, खाली डावीकडे ‘सी’, उजवीकडे ‘डी’. या भागाची बाजू ५०० यार्डांची. चौथ्या पायरीवर त्या बाजूचे दहा हिस्से मानावयाचे. पहिला अंक पश्चिम कडेपासून पूर्वेकडचे अंतर सांगतो, दुसरा दक्षिण कडेपासून उत्तरेकडचे. आलेखात आधी क्ष, मग य. तोच हा क्रम.

आता ‘एच २५ सी ६·८’ हा संकेत उलगडू. ‘एच’ हा दुसऱ्या ओळीतील दुसरा विभाग. त्यात पंचविसावा चौरस पाचव्या रांगेच्या आरंभी, अगदी डाव्या कडेला येतो. त्याचा खालचा डावा भाग ‘सी’. त्या भागाच्या पश्चिम कडेपासून सहा हिस्से म्हणजे ३०० यार्ड पूर्वेस आणि दक्षिण कडेपासून आठ हिस्से म्हणजे ४०० यार्ड उत्तरेस गेले की इच्छित स्थळ सापडते. येथे एका अंकाची किंमत ५० यार्ड, म्हणजे सुमारे ४६ मीटर आहे. १ : १०,००० प्रमाणाच्या नकाशावर ते अंतर जेमतेम साडेचार मिलिमीटर भरते. अधिक काटेकोरपणा हवा असेल तेव्हा प्रत्येक दिशेस दोन अंक लिहीत. मग एका अंकाची किंमत पाच यार्डांवर येई.

वाचकाने काही पथ्ये पाळावयास हवीत. पत्रकाचा क्रमांक ठाऊक नसेल, तर पुढील सर्व अक्षरे निरर्थक ठरतात, कारण तीच अक्षरे प्रत्येक पत्रकावर पुन्हा येतात. जाळे यार्डांचे आहे, हे विसरून मीटरने मोजल्यास हजारामागे शहाऐंशी मीटरांची तफावत पडते. नकाशावर छापलेली खंदक-दुरुस्तीची तारीख पाहणेही अगत्याचे आहे. खंदक बदलत राहत. इतकेच नव्हे, तर रंगांचा अर्थही बदलला. १९१८ च्या आरंभापर्यंत ब्रिटिश नकाशांवर जर्मन खंदक तांबडे व स्वतःचे निळे असत. त्यानंतर हा संकेत उलटला.

एका अक्षराला किती मोल असते, हे जॉन किपलिंगच्या प्रकरणावरून ध्यानी येते. मुंबईत जन्मलेले प्रसिद्ध लेखक रुडयार्ड किपलिंग यांचा हा एकुलता मुलगा. आयरिश गार्ड्सचा हा अठरा वर्षांचा अधिकारी २७ सप्टेंबर १९१५ रोजी लूसच्या लढाईत बेपत्ता झाला. पित्याने पुष्कळ शोध घेतला. १९३६ साली त्यांचे निधन झाले तेव्हाही मुलाची समाधी अज्ञातच होती. १९१९ साली आयरिश गार्ड्सच्या एका अनोळखी लेफ्टनंटाचा देह सापडला होता. नोंदवहीत स्थळ लिहिले होते ‘जी २५ सी ६·८’. ती जागा ब्रिटिश फळीच्या पुष्कळ मागे होती. आयरिश गार्ड्सचा अधिकारी लढताना तेथे पडावा, हे संभवनीय नव्हते. ‘जी’ च्या जागी ‘एच’ वाचले, तर मात्र स्थळ नेमके ६,००० यार्ड पूर्वेस सरकते आणि जॉन जेथे शेवटचा दिसला, त्या चुनखडीच्या खाणीजवळच्या रानापाशी येते. लेखनिकाच्या हातून शेजारच्या विभागाचे अक्षर पडले असावे, या निष्कर्षाने १९९२ साली त्या समाधीवर जॉनचे नाव कोरले गेले. पुढे त्याच्या हुद्द्यावरून शंका घेतल्या गेल्या, वाद झाला. नंतरच्या संशोधनाने मूळ निष्कर्षाला पाठबळ दिले. संकेत वाचणे ही शोधाची पहिली पायरी होय. त्याची सांगड तारीख, पलटण व प्रत्यक्ष भूमी यांच्याशी घालावी लागते.

आपल्या मुलखातील सैनिकांचा माग काढू इच्छिणाऱ्यांनी या पद्धतीच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० व २१ क्रमांकांच्या कंपन्यांनी २८ ऑक्टोबर १९१४ रोजी नव्ह शापेल येथे हल्ला चढवला व जबर हानी सोसली. तेव्हा ही पद्धत अद्याप रुळली नव्हती, म्हणून तेथे रस्ते व घरे यांची वर्णनेच आधाराला घ्यावी लागतात. १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी तर मेसोपोटेमियात लढल्या आणि कूतच्या वेढ्यात सापडून २९ एप्रिल १९१६ रोजी युद्धकैदी झाल्या. त्या आघाडीला फ्रान्समधील हे जाळे लागू पडत नाही. एखाद्या घरातील पूर्वज कोणत्या पलटणीत व कोणत्या आघाडीवर होता, हे प्रथम निश्चित करावे. नकाशा त्यानंतर उघडावा.

पूर्वी हे नकाशे पाहण्यासाठी लंडनच्या अभिलेखागारात जावे लागे. आता स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांतील पुष्कळसे आंतरजालावर ठेवले आहेत, आणि संकेतावरून आजच्या नकाशावरील स्थळ दाखविणारी साधनेही उपलब्ध आहेत. परंतु यंत्राला ‘जी’ दिले, तर ते ‘जी’ चेच स्थळ दाखवील. ते अक्षर तेथे शोभते किंवा नाही, हा प्रश्न विचारणे वाचकाकडेच राहते.