खडकाळ चिकणमातीवरील हिरवळ

दख्खनच्या पठारावर नव्या घराभोवतीची जमीन बहुधा काळी चिकणमाती, मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा यांचे मिश्रण असते, आणि अवजड वाहनांच्या दाबाने ती घट्ट बसल्यामुळे तिच्यात पाणी व हवा खेळत नाही.

या मातीतील माँटमोरिलोनाइट हे खनिज पाणी शोषून फुगते व वाळताना आक्रसते, म्हणूनच उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. अशा मातीत थोडीशी वाळू मिसळल्यास निचरा सुधारण्याऐवजी ती अधिकच घट्ट होण्याचा धोका असतो.

त्याऐवजी माती वाफशावर, म्हणजे ओल असूनही हाताला चिकटत नाही अशा अवस्थेत, १५ ते २० सेंटिमीटर खणावी, दगड वेचावेत, कुजलेल्या शेणखताचा सुमारे ५ सेंटिमीटरचा थर मिसळावा आणि पाणी घरापासून दूर वाहील असा हलका उतार द्यावा.

पावसाळ्याच्या आरंभी हरळीच्या काशा, म्हणजे पेरांवर मुळे फुटणारी आडवी खोडे, सुमारे १० सेंटिमीटर अंतरावर लावल्यास त्या लवकर पसरतात. मात्र हरळीला भरपूर ऊन लागत असल्याने दाट सावलीत ती विरळ राहते.