खळं सगळ्यांचं, खोली ज्याची त्याची: शेलच्या सेटिंग्जची गोष्ट

वेंगुर्ल्याच्या एसटी स्टँडवर बसून ऐकताय की पुण्याच्या हॉस्टेलवर? कुठेही असा, फोनमध्ये टर्मक्स असेल तर आजचा विषय तुमचाच आहे.

टर्मिनल उघडलं की आत बॅश चालू होतो. हा शेल ब्रायन फॉक्सने लिहिला, 1989 मध्ये आला. तुमचे शॉर्टकट, पाथ, प्रॉम्प्टचा रंग, सगळं होम फोल्डरमधल्या ‘डॉट बॅशआरसी’ या साध्या फाइलमध्ये असतं.

आता समजा, दोनशे लोक एकच सर्व्हर वापरतात आणि सगळ्यांना एक नवा पाथ द्यायचाय. अ‍ॅडमिन म्हणतो, अ‍ॅन्सिबल आहे ना! पण गोची इथेच होते.

पहिली गोष्ट, अख्खी फाइल कॉपी केली की लोकांनी वर्षभर जमवलेलं सगळं पुसलं जातं. बरं, स्क्रिप्टने नुसती ओळ जोडली, तर दहा वेळा चालवल्यावर दहा ओळी!

दुसरी, ‘स्केल’ फोल्डरमधल्या फाइल्स खातं उघडतानाच कॉपी होतात. जुन्या लोकांपर्यंत बदल पोचतच नाही.

तिसरी, लॉगिन शेल ‘प्रोफाइल’ वाचतो, नुसती नवी खिडकी उघडली तर ‘बॅशआरसी’, आणि स्क्रिप्ट सहसा दोन्ही वाचत नाही. म्हणून हाताने चालणारी कमांड रात्री क्रॉनमधून चालत नाही, आणि सकाळी बॅकअप झालेलाच नसतो. त्यात कोणी झेडएसएच वापरत असेल तर त्याच्या फाइल्सच वेगळ्या. 2019 पासून मॅकवर तोच डीफॉल्ट आहे.

मग करायचं काय? आपल्याकडच्या सामायिक घरासारखं. खळं सगळ्यांचं, खोली ज्याची त्याची. सगळ्यांसाठीचं ते ‘ईटीसी’मधल्या ‘प्रोफाइल डॉट डी’ फोल्डरात वेगळी छोटी फाइल करून ठेवा. क्रॉनच्या स्क्रिप्टमध्ये पाथ स्पष्ट लिहा. कोणाच्या फाइलला हात लावावाच लागला, तर अ‍ॅन्सिबलचं ‘ब्लॉक-इन-फाइल’ वापरा. ते सुरुवात-शेवटाच्या खुणा घालून तेवढाच तुकडा बदलतं, बाकीचं जसंच्या तसं.

पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्मसारख्या महासंगणकांवर तर ‘मॉड्यूल’ची सोय असते. ज्याला जे सॉफ्टवेअर हवं, ते त्याने त्या सेशनपुरतं लोड करायचं. कोणाची बॅशआरसी बदलायची गरजच नाही.

आणि हो, बदल केल्यावर लोकांना कळवा. आधीपासून उघड्या सेशनमध्ये तो आपोआप येत नाही, पुन्हा लॉगिन करावं लागतं. एवढा एक मेसेज टाकलात, तर सकाळचे निम्मे फोन वाचतील.

चला, भेटू पुढच्या भागात!