मोटार घेताना कोटेशनचा तळ वाचा

घरात मोटार घ्यायचे ठरले की चर्चा सुरू होते ती रंगापासून. मग मॉडेल, मायलेज, शेजाऱ्यांचा अनुभव आणि अखेरीस 'किती सोडतात?' हा प्रश्न. शोरूममधील विक्री प्रतिनिधी थोडे आढेवेढे घेऊन पंधरा-वीस हजार रुपये सोडतो, वर सीट कव्हर देतो आणि ग्राहक समाधानाने आगाऊ रकमेचा धनादेश फाडतो. बहुतेक वेळा सुटलेल्या रकमेहून अधिक पैसे त्याच कोटेशनच्या खालच्या भागातून परत गेलेले असतात. घासाघीस होते ती पहिल्या ओळीवर, म्हणजे शोरूम किमतीवर. ही किंमत कंपनीने ठरविलेली असल्याने तिथे वितरकाचे हातही काहीसे बांधलेले असतात. विमा, 'आरटीओ खर्च', हाताळणी, अ‍ॅक्सेसरीज, वाढीव वॉरंटी आणि कर्ज या ओळी मात्र तो आपल्या मर्जीने फुगवू शकतो, आणि नेमक्या त्याच ओळी कुणी वाचत नाही.

म्हणून पहिले काम एकच. 'ऑन रोड' किमतीचा एकच आकडा घेऊन घरी येऊ नये. प्रत्येक बाब वेगळी दाखविणारे लेखी कोटेशन मागावे. त्याच कंपनीच्या निदान तीन वितरकांकडून, त्याच मॉडेलच्या त्याच प्रकारासाठी असे कागद घेतले, की ते शेजारी ठेवल्यावर कोणती ओळ कायद्याची आणि कोणती वितरकाच्या कल्पनेतली, हे आपोआप दिसते. शेजारच्या शहरातले कोटेशनही उपयोगी पडते. महाराष्ट्रात कराचा दर सर्वत्र सारखाच असल्याने पुण्याच्या ग्राहकाला नाशिकचा कागद दाखवून बोलता येते.

कराच्या ओळीत सवलत मिळत नाही, पण निवड करता येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल मोटारींवरील जीएसटी १८ टक्के झाला. त्याहून मोठ्या मोटारींवर तो ४० टक्के आहे. हा कर शोरूम किमतीतच असल्याने वेगळा जाणवत नाही. राज्याचा एकरकमी वाहन कर मात्र स्वतंत्रपणे भरावा लागतो. खासगी पेट्रोल मोटारीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांपर्यंत १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के असा त्याचा चढता दर आहे. डिझेलसाठी हेच दर १३, १४ आणि १५ टक्के आहेत. वरचा दर केवळ वाढीव रकमेवर नव्हे, तर पूर्ण किमतीवर लागतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. करासाठी ९ लाख ९० हजार रुपये धरल्या गेलेल्या पेट्रोल मोटारीवर १,०८,९०० रुपये कर होतो. १० लाख १० हजारांच्या मोटारीवर तो १,२१,२०० होतो. वीस हजारांचा 'वरचा प्रकार' घेताना १२,३०० रुपये नुसत्या करात जातात. शिवाय दहा लाखांवरील मोटारीवर वितरक एक टक्का आयकर गोळा करतो. हा २०१६ पासूनचा नियम आहे. ही रक्कम बुडीत नाही. विवरणपत्र भरताना ती वळती करून घेता येते. पण वितरकाकडून तिचे प्रमाणपत्र न घेतल्याने किंवा विवरणपत्रात ती न दाखविल्याने अनेकांचे दहा-पंधरा हजार रुपये सरकारकडेच पडून राहतात.

कर वाचविण्यासाठी पुदुच्चेरी किंवा दमणच्या पत्त्यावर नोंदणी करण्याचा सल्ला देणारे मित्र प्रत्येकाला असतात. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ वाहन ठेवल्यास तेथे नवी नोंदणी करणे मोटार वाहन कायद्याने बंधनकारक आहे, आणि त्या वेळी तेथील करही भरावा लागतो. खोट्या पत्त्याचे झंझट निराळेच.

'आरटीओ खर्च' या नावाखाली कराच्या वर किती आकारले आहे, ते पाहावे. खासगी मोटारीचे नोंदणी शुल्क ६०० रुपये, स्मार्ट कार्डाचे २०० रुपये आणि कर्ज असल्यास त्याच्या बोजाच्या नोंदीचे १,५०० रुपये, असे हे किरकोळ आकडे आहेत. उच्च सुरक्षा नंबर प्लेट १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनाबरोबर कंपनीनेच द्यायची आहे. तिचे वेगळे पैसे लावले असतील तर विचारणा करावी. 'हँडलिंग' किंवा 'लॉजिस्टिक्स' या नावाची पाच-दहा हजारांची ओळ तर सरळ खोडायला सांगावी. गोदामातून गाडी आणून ती पुसून देणे हा विक्रीचाच भाग आहे, त्याचा मोबदला वितरकाच्या नफ्यात असतो. 'कोणत्या नियमाने ही आकारणी केली, ते पावतीवर लिहून द्या' एवढे शांतपणे म्हटले, तरी ही ओळ पुष्कळदा नाहीशी होते.

सर्वांत मोठी गळती असते ती विम्यात. नव्या मोटारीला तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून हा नियम लागू झाला. या भागाचा हप्ता कंपनीगणिक बदलत नाही. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या दरांनुसार तीन वर्षांसाठी १००० सीसीपर्यंतच्या मोटारीला ६,५२१ रुपये, १५०० सीसीपर्यंत १०,६४० रुपये आणि त्यावर २४,५९६ रुपये पडतात, कर निराळा. म्हणजे येथे स्वस्त-महाग असे काही नाही. फरक पडतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात. हा भाग एका वर्षासाठी घेता येतो, कोणत्याही कंपनीकडून घेता येतो, आणि शोरूममध्ये दाखविलेला हप्ता व बाहेर मिळणारा हप्ता यांत अनेकदा हजारो रुपयांची तफावत निघते. 'विमा आमच्याकडूनच घ्यावा लागेल' असे म्हणण्याचा अधिकार वितरकाला नाही. तो सहसा दुसऱ्या वाटेने येतो: बाहेरचा विमा घेतलात तर आमच्या वर्कशॉपमध्ये कॅशलेस दुरुस्ती मिळणार नाही. हे खरे की खोटे ते विमा कंपनीच्या गॅरेजांच्या यादीत पाहता येते. त्या वर्कशॉपचे नाव यादीत असेल तर भीती निराधार आहे, आणि नसेल तर शोरूमचा विमा घेणेच शहाणपणाचे.

हप्त्यांची तुलना करताना मात्र दोन्हीकडे गाडीचे विमा मूल्य, म्हणजेच आयडीव्ही, सारखे आहे ना, हे आधी पाहावे. हे मूल्य खाली आणले की हप्ता आपोआप कमी दिसतो. पण गाडी चोरीला गेली तर हाती पडणारी रक्कमही तेवढीच कमी होते. 'झीरो डेप्रिसिएशन' हे जोडकलम नव्या मोटारीला घ्यावेच. प्लास्टिकच्या बंपरचा घसारा स्वतःच्या खिशातून भरण्याची वेळ शहरी रहदारीत फार दूर नसते. चावी हरवणे, सामान चोरीला जाणे यांसारखी इतर कलमे गरज असेल तरच.

जुनी गाडी विकून नवी घेणाऱ्यांकडून हमखास विसरली जाणारी गोष्ट म्हणजे 'नो क्लेम बोनस'. सलग पाच वर्षे विम्याचा दावा केला नसेल तर ही सवलत ५० टक्क्यांपर्यंत पोहोचते. ती गाडीची नसते, मालकाची असते. जुनी गाडी विकताना विमा कंपनीकडून या सवलतीचे पत्र घेतले, तर तीन वर्षांच्या आत ती नव्या गाडीला लावता येते. नुकसानीच्या विम्याचा हप्ता १८ हजार असेल तर एका पत्राने ९ हजार वाचतात. शोरूमचा प्रतिनिधी याची आठवण आपणहून करून देईल, अशी अपेक्षा ठेवू नये.

कर्जाचा हिशेब अधिक कठोर आहे. सहा लाखांच्या कर्जाला नऊ टक्के दराने तीन वर्षांची मुदत घेतली, तर हप्ता सुमारे १९,०८० रुपये आणि एकूण व्याज ८६,९०० रुपये होते. पाच वर्षांना हप्ता १२,४५५ वर येतो, व्याज १,४७,३०० वर जाते. सात वर्षांना हप्ता अवघा ९,६५३. व्याज मात्र २,१०,९००. विक्रेता नेहमी हप्ता सांगतो, व्याज सांगत नाही. त्यातही दर 'फ्लॅट' आहे की घटत्या शिलकीवर, हे विचारणे अत्यावश्यक. साडेपाच टक्के फ्लॅट दर ऐकायला गोड. पण त्यात फेडलेल्या मुदलावरही अखेरपर्यंत व्याज चालू राहते. सहा लाखांवर पाच वर्षांसाठी त्याचा हप्ता १२,७५० रुपये होतो, आणि घटत्या शिलकीच्या हिशेबाने हा दर दहा टक्के निघतो. नऊ टक्क्यांचे बँकेचे कर्ज त्याहून स्वस्त आहे. प्रक्रिया शुल्क आणि मुदतीपूर्वी फेड केल्यास लागणारा आकार हेही लेखी घ्यावे. स्वतःच्या बँकेकडून मंजुरीचे पत्र घेऊनच शोरूममध्ये जाणाऱ्याशी बोलण्याचा सूर वेगळा असतो.

खरेदीची वेळ हा महाराष्ट्रात भावनेचा विषय. दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीयेला गाडी दारात यावी अशी इच्छा असणाऱ्यांची रांग लागते, आणि रांगेतल्या ग्राहकाशी कोणी घासाघीस करत नाही. याउलट पितृपक्षात शोरूम ओस पडलेली असतात. महिन्याचे विक्रीचे उद्दिष्ट मात्र वितरकाला चुकत नाही. ज्यांना या पंधरवड्याचे वावडे आहे त्यांनी बोलणी या काळात लेखी पक्की करावी आणि ताबा नवरात्रात घ्यावा. पितरांचाही मान राहतो आणि खिशाचाही. डिसेंबरची सवलत मोठी असते. पण १ जानेवारीला ती गाडी 'गेल्या वर्षीची' होते. नोंदणी प्रमाणपत्रावर निर्मितीचा महिना व वर्ष असते आणि पुनर्विक्रीची किंमत त्यावरून ठरते. आठ-दहा वर्षे गाडी वापरणाऱ्याला याने फारसे बिघडत नाही, तीन वर्षांत बदलणाऱ्याने मात्र मिळणारी सवलत आणि घटणारी किंमत यांचा मेळ घालून पाहावा.

इंधनाची निवड रोजच्या फेरीवरून करावी. समजा, सीएनजी प्रकार पेट्रोलपेक्षा ९५ हजारांनी महाग आहे. पेट्रोल १०४ रुपये लिटर व मायलेज २० किलोमीटर धरले, आणि सीएनजी ८० रुपये किलो व मायलेज २६ किलोमीटर धरले, तर किलोमीटरमागे २ रुपये १२ पैसे वाचतात; म्हणजे जादा पैसे वसूल व्हायला ४५ हजार किलोमीटर लागतात. कल्याणहून ठाण्याला रोज गाडीने जाणाऱ्याची ही वसुली तीन-चार वर्षांत होते. रविवारी नातेवाइकांकडे जाण्यापुरती गाडी काढणाऱ्याला दहा वर्षेही पुरत नाहीत, वर डिकीची जागा जाते आणि पंपावरची रांग पदरी पडते. सीएनजी मोटारीवर वाहन कर पेट्रोलहून कमी आहे, तो हिशेबात धरला तर ही मुदत थोडी आखडते.

सीट कव्हर, मॅट, म्युझिक सिस्टीम हे पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईच्या ऑपेरा हाऊस परिसरात पुष्कळ स्वस्त मिळते. फक्त ज्या कामात मूळ वायरिंग कापावे लागते ते बाहेर करू नये. वॉरंटीवर पाणी पडते.

खऱ्या अर्थाने मोठी बचत हवी असेल तर तीन-चार वर्षे वापरलेली मोटार पाहावी. पहिल्या मालकाने एकरकमी कर भरलेला असतो आणि सर्वांत तीव्र घसाराही सोसलेला असतो. पण येथे कागद किमतीहून महत्त्वाचे. परिवहन खात्याच्या 'वाहन' संकेतस्थळावर मालकाचा क्रम, बँकेचा बोजा आणि विम्याची मुदत तपासता येते. थकीत ई-चलनही ऑनलाइन दिसते. बोजा असेल तर बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल मोटारींवर आलेल्या निर्बंधांनंतर तिकडच्या अनेक गाड्या स्वस्तात इतर राज्यांत आल्या. अशा परराज्यातील गाडीला ना हरकत दाखला, नवी नोंदणी आणि येथील कर हे सारे लागते. ते मिळविल्यावर स्वस्ताई कितपत उरते, हे आधी मांडावे. २००५ मध्ये मुंबईत, २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ मध्ये चिपळूणमध्ये पाण्याखाली गेलेल्या गाड्यांची आठवण ठेवून सीटखालच्या रुळांचा गंज, गालिच्याखालचा चिखल आणि पूर्ण ओढलेल्या सीट बेल्टच्या टोकाचे डाग पाहावेत. ओळखीच्या मेकॅनिकला हजार-दोन हजार रुपये देऊन गाडी दाखविणे, हा या व्यवहारातला सर्वांत सत्कारणी लागणारा खर्च.

जुनी गाडी देणाऱ्यानेही फॉर्म २९ आणि ३० भरून नावबदल पूर्ण झाला की नाही, याचा पाठपुरावा करावा. नोंदणी ज्याच्या नावे तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. नाव बदलले नसेल तर नंतरच्या अपघाताची भरपाई विकणाऱ्याच्या गळ्यात पडू शकते. शोरूमचा 'एक्स्चेंज बोनस' घेताना जुन्या गाडीचे मूल्य बाहेर दोन ठिकाणी काढून घ्यावे. तीस हजारांचा बोनस देऊन गाडीच चाळीस हजारांनी कमी धरली असेल, तर गाडी बाहेर विकणे आणि नवीवर रोख सवलत मागणे, हा व्यवहार अधिक फायद्याचा ठरतो.