दुखतंय, पण सांगता येत नाही

समजा, बौद्धिक अक्षमता असलेला पंचविशीतला एक मुलगा अचानक स्वतःच्या कानावर चापट्या मारू लागला. त्याला बोलता येत नाही. घरचे म्हणतात, 'हल्ली फार चिडतो.' डॉक्टर शांत राहण्याची गोळी देतात. खरं कारण मात्र साधं असू शकतं: कानात मळ साचून दडा बसलेला.

नव्या आजाराचं लक्षण जुन्या अपंगत्वाच्या खात्यात टाकण्याच्या या चुकीला 'डायग्नॉस्टिक ओव्हरशॅडोइंग' म्हणतात. तिची किंमत मोठी आहे. नैऋत्य इंग्लंडमधल्या अशा 247 व्यक्तींच्या मृत्यूंचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. इतरांच्या तुलनेत पुरुष सरासरी 13, तर स्त्रिया 20 वर्षं आधी गेल्या होत्या. यातले बरेच मृत्यू वेळेवर उपचार झाले असते तर टळले असते.

(ब्रिटनमध्ये बौद्धिक अक्षमतेला 'लर्निंग डिसॅबिलिटी' म्हणतात. आपण तो शब्द डिस्लेक्सियासारख्या अडचणींसाठी वापरतो. वाचताना गल्लत नको.)

यावर उपाय काय? जो तक्रार करू शकत नाही, त्याच्या तक्रारीची वाट बघायची नाही. इंग्लंडमध्ये 14 वर्षांपासून पुढे अशा प्रत्येकाला फॅमिली डॉक्टरकडे वर्षातून एकदा तपासणी मिळते. वजन, रक्तदाब, कान, डोळे, बद्धकोष्ठता, चालू औषधं असं सगळं बघितलं जातं. बद्धकोष्ठता ऐकायला किरकोळ वाटते, पण दुर्लक्ष झालं तर ती जिवावर बेतू शकते.

आता आमच्या बिशानकडे वळू. इथे स्ट्रीट 13 वर बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी 'बिशान होम' ही निवासी संस्था आहे, आणि कितीतरी जण आपापल्या घरी आईवडिलांबरोबर राहतात. 2023 मध्ये सिंगापूरने 'हेल्दिअर एसजी' सुरू केलं: एक माणूस, एक ठरलेला डॉक्टर, वर्षाची आखणी. कल्पना अगदी हवी तशी आहे, पण नोंदणी चाळिशीपासून. डाऊन सिंड्रोममध्ये 21 वं गुणसूत्र एक जास्त असतं, आणि अल्झायमरशी संबंधित एपीपी हे जनुक त्याच गुणसूत्रावर असतं. त्यामुळे चाळिशीपर्यंत जवळजवळ सगळ्यांच्या मेंदूत अल्झायमरचे बदल दिसू लागतात. थायरॉईडचा त्रास तर त्याच्याही आधी सुरू होऊ शकतो, आणि 'मुळातच मंद आहे' म्हणून सुस्तीकडे कुणी बघत नाही. म्हणजे ज्यांना लवकर गरज, त्यांना दार उशिरा उघडतं.

तोवर तुमच्या घरात किंवा शेजारी असं कुणी असेल, तर एवढं करा:

• एका कागदावर लिहा: दुखलं की हा काय करतो, कशाने घाबरतो, कशाने शांत होतो.
• दवाखान्यात सकाळची पहिली वेळ आणि दुप्पट अवधी मागा.
• वागणं अचानक बदललं तर आधी कान, दात, पोट, लघवी आणि थायरॉईड तपासून घ्या.
• भारतातल्या नातेवाइकांना नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' विम्याबद्दल सांगा. त्यात 1 लाख रुपयांपर्यंत संरक्षण असून बाह्यरुग्ण उपचारही येतात.

आणि डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: 'हेच लक्षण तुमच्या दुसऱ्या पेशंटमध्ये दिसलं असतं, तर तुम्ही काय तपासलं असतं?'