पुलाखालचा प्रवाह आणि कयाकवरील पहिली मासेमारी

वाई, कराड आणि सांगली या गावांजवळून वाहणारी कृष्णा जेथे पुलाच्या खांबांना धडकते, तेथे तिच्या पाण्याचा स्वभाव बदलतो, आणि गळ टाकणाऱ्याला मासा मिळण्याचे व होडीला धोका संभवण्याचे कारण तेथे एकच असते. खांबावर आदळलेले पाणी तळाकडे वळून पायाजवळची वाळू उकरते व तेथे खोल डोह तयार करते, तर खांबाच्या मागे प्रवाह मंदावून भोवरे पडतात. अशा जागी शिंगाळा हा मासा तळालगत, तर वाम ही मासळी दगडांच्या फटींत आसरा घेते.

कयाक म्हणजे एका-दोघांनी बसून वल्ह्याने चालवायची अरुंद, हलकी होडी. दोन खांबांमधील अरुंद वाटेत पाण्याचा वेग वाढत असल्याने आडवी झालेली कयाक खांबाला चिकटून उलटू शकते, म्हणून खांबाजवळ नेहमी खालच्या अंगाने, नाळ म्हणजे होडीचे पुढचे टोक प्रवाहाकडे ठेवून जावे, नांगराचा दोर बाजूला न बांधता होडीच्या टोकाला बांधावा आणि तो तत्काळ कापता यावा यासाठी चाकू हाताशी ठेवावा. खांबांना अडकलेली झाडे व जुनी जाळी आधी काठावरून पाहून घ्यावीत.

कराडला कोयना कृष्णेला मिळते, त्यामुळे कोयना किंवा कृष्णेवरील धोम धरणातून विसर्ग वाढला की खालच्या पात्रातील पाणी चढते. सांगलीच्या १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. परंतु या खुणा काठावरील वस्तीसाठी आहेत, आणि त्यापेक्षा पुष्कळ खालचे पाणीही कयाकला उलटवू शकते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ब्रह्मनाळ गावाजवळ बोट उलटून झालेली जीवितहानी लक्षात घेता, अंगात घट्ट बसणारे जीवरक्षक जाकीट ऐच्छिक मानता येणार नाही.

भिलवडी, औदुंबर ते सांगली या पट्ट्यात मगरींचा वावर आहे. तेथे पाण्याच्या पातळीलगत बसून मासेमारी करणे, होडीला मासे लटकवणे किंवा पाण्यात हात सोडणे जिवावर बेतू शकते.

म्हणून नवशिक्याने मगरी नसल्याची खात्री झालेल्या शांत जलाशयात, जाणत्या सोबत्यासह वल्हे मारण्याचा व उलटलेल्या होडीत परत चढण्याचा सराव करावा, पात्रात उतरण्यापूर्वी मासेमारीचे हक्क असलेल्या स्थानिक सहकारी संस्थेची परवानगी घ्यावी आणि पिढ्यान्‌पिढ्या नदीवर जगलेल्या भोई बांधवांचा सल्ला मानावा; त्यांनी नको म्हटलेल्या दिवशी होडी पाण्यात घालू नये.